आक्का, डंक आणि माउलीची उसनवारी

आक्कावर माउलीचं ११,३३५ रुपये देणं होतं, हे आम्हाला तिच्या दहाव्याच्या संध्याकाळी कळलं.

दहावा ५ एप्रिलला झाला. पिंड ठेवून आम्ही पाच पावलं मागं सरतोय तोवर कावळा शिवला. गुरुजीसुद्धा म्हणाले, इतक्या लवकर क्वचितच होतं. "आक्का कुणाला ताटकळत ठेवणारी नव्हतीच," वडील म्हणाले आणि डोळे पुसले. संध्याकाळी तोच माणूस पत्र्याचा डबा मांडीवर घेऊन ओसरीवर बसला होता आणि येईल त्याला विचारत होता, "एवढं कर्ज डोक्यावर ठेवून गेली, मग कावळा शिवला कसा?"

डबा बिस्किटांचा, चौकोनी, कडेनं गंजलेला. घरात सगळे त्याला माउलीचा डबा म्हणायचे. मसाला कुटायच्या डंकावर रोजची पहिली भवानी झाली की ते पैसे आक्का गल्ल्यात टाकायची नाही, डब्यात टाकायची. पाच रुपये असोत की पाचशे. आषाढात पालखी यायच्या आधी डबा उघडायचा आणि त्यातून एका दिंडीची न्याहारी घालायची, एवढं आम्हाला ठाऊक होतं. आत तिची उधारीची चिठ्ठीही असते हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

रबरबँड लावलेल्या नोटा, चिल्लर, सगळं मिळून २,३४० रुपये. आणि कॅलेंडरच्या पानांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलेल्या तीन चिठ्ठ्या.

"कार्तिकी एकादशी. माउलीकडून उसने ६,०००. डंकाची मोटर जळाली, वायंडिंग. व्याज शेकडा १."

"जानेवारी अखेर. उसने ४,५००. मावशीचा डोळा. व्याज वरीलप्रमाणे."

"फेब्रुवारी अखेर. उसने ५००. सांगायचं नाही."

खाली २५ मार्चच्या एकादशीला, म्हणजे जायच्या दोन दिवस आधी, तिनं बेरीज मारून ठेवली होती. मुद्दल ११,०००. व्याज, महिन्याला शेकडा एक धरून, २४० अधिक ९० अधिक ५. मी पुण्यात एका सीएच्या ऑफिसात काम करते. सवयीनं मोबाईलवर व्याज पडताळून पाहिलं. एका रुपयाचाही फरक नव्हता.

आक्का म्हणजे माझी आत्या. वडिलांची थोरली बहीण, म्हणून ते आक्का म्हणायचे, त्यांचं ऐकून आम्ही आणि आमचं ऐकून सगळा गाव. गाव फलटण-लोणंद रस्त्याला लागून, तरडगावच्या पुढं. माउलींची पालखी दरवर्षी दारावरून जाते. लग्नानंतर आठ वर्षांत, सत्ताविसाव्या वर्षी, ती एक पत्र्याची ट्रंक घेऊन माहेरी परत आली. मूलबाळ नव्हतं. त्या काळात अशा बाईनं भावाच्या घरी स्वयंपाक करावा, कोपऱ्यात जपमाळ ओढावी आणि कुणाच्या मंगलकार्यात पुढं पुढं करू नये, असा शिरस्ता. आक्कानं पंढरपुरात माळ घातली, ती खरी. कोपरा मात्र घेतला नाही. घरच्या उखळात मुसळानं शेजारच्यांची चटणी कुटून द्यायला लागली. आमच्याकडं वर्षाच्या लाल मसाल्याला चटणीच म्हणतात, पुण्यात हे दरवेळी समजावून सांगावं लागतं. सात वर्षं हातानं कुटल्यावर १९८९ साली तिनं पाटल्या मोडल्या, वरचे पैसे एका पतसंस्थेतून काढले आणि डंक आणला. वडील महिनाभर बोलले नाहीत.

पहिले आठ दिवस कुणी आलंच नाही. सकाळी उठून पांढऱ्या कपाळाच्या बाईच्या हातनं वर्षाची चटणी कशी कुटून घ्यायची, हे तोंडावर कुणी म्हणालं नाही. पण तशी गरजही नसते. नवव्या दिवशी वरच्या आळीतली एक म्हातारी दोन किलो मिरची घेऊन आली. तिचे जे काय पैसे झाले ते आक्कानं कपाळाला लावून बिस्किटाच्या डब्यात टाकले. तिथून भवानीचा नेम सुरू झाला.

ज्यांनी डंक पाहिला नाही त्यांना सांगते. जमिनीत पक्की बसवलेली उखळं आणि वरून त्यात आपटणारी लोखंडी मुसळं. मोटरच्या पट्ट्यानं वरचा दांडा फिरतो, त्याचे खुंट मुसळ उचलतात आणि सोडून देतात. धाड, धाड, धाड. सोसायटीच्या खाली असतं ते दळायचं मशीन मिरची मिनिटात भुगा करून देतं, पण तापवतं. डंकावर मिरची कुटली जाते, तिचं तेल तिच्यातच राहतं आणि रंग टिकतो. हे मी आज सांगते आहे. २७ मार्चपर्यंत मला यातलं काही सांगता आलं नसतं. त्या सकाळी मी ऑफिसात होते, मार्च एंडिंगचा गदारोळ, आणि फोन आला की पूजा करून, शटर वर करून आक्का पायरीवर टेकली ती उठलीच नाही. एसटीत बसले तेव्हा लॅपटॉपवर कुणाचा तरी ताळेबंद अर्धा उघडा होता. तीन दिवसांनी पाडवा आला, सुतकात गेला, गुढी उभारली नाही.

तेरावा नेमका ८ एप्रिलला, कामदा एकादशीला पडला. एकादशीला गोड जेवण घालायचं कसं यावर भावकीत तासभर खल झाला. शेवटी मावशी म्हणाली, "तिनं आयुष्यात एक एकादशी मोडली न्हाई. आता तिच्या नावानं गावाला मोडायला लावताय व्हय?" जेवण द्वादशीवर ढकललं.

ही मावशी नात्यानं कुणाचीच मावशी नव्हे. पंचवीस वर्षं डंकावर काम करते. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन म्हणजे ते ४,५००.

द्वादशीचं जेवण उरकलं तशी वडिलांनी डंक विकायची गोष्ट काढली. भंगारवाला येऊन बघूनही गेला होता. मी म्हटलं, मग माउलीचं देणं? वडील म्हणाले, डब्यात मी टाकतो ११,३३५, विषय संपला. वाक्य संपल्यावर त्यांनाच ते पटलं नाही, कारण ते लगेच उठून गोठ्यात गेले. आणि खरी अडचण वेगळीच होती. एप्रिल-मे हा चटणीचा हंगाम, आक्काच्या वहीत ६३ घरांनी नंबर लावून ठेवले होते. काहींनी मिरची आणून उन्हात घातलीही होती. मी ऑफिसला फोन केला, महिनाभर सुट्टी आणि पुढं गावाकडून काम, असं ठरवून घेतलं. मार्च एंडिंग संपलेलं असल्यानं साहेबांनी फार खळखळ केली नाही.

पहिल्या दिवशी वही उघडली आणि अडले. आक्काचं अक्षर स्वच्छ, पण मजकूर असा: "मि. ९ अ. चा. परत ६ अ. ध. ४ अ. खो. ती. ३ अ. कां. ल. ५ अ. मी. १ अ." मि. म्हणजे मिरची, चा. म्हणजे चाळणे, ध. धने, पुढं खोबरं-तीळ, कांदा-लसूण, मीठ. पण अ.? अंदाजे? अर्धा? अडीच? मी संध्याकाळपर्यंत त्या अ. शी झटापट केली. शेवटी मावशीला विचारलं.

मावशी तोंडाला पदर लावून हसली. "अगं, अभंग."

आक्का डंकापुढं घड्याळ लावायची नाही. मिरची उखळात पडली की ती हरिपाठ सुरू करायची. नऊ अभंग झाले की मिरची काढून चाळायची, चाळणीवर राहिलेलं परत घालून आणखी सहा. म्हणजे पंधरा. मग धने-खडा मसाला, खोबरं, कांदा-लसूण असं करत मिठावर येईपर्यंत ज्ञानदेवांचे अठ्ठावीसचे अठ्ठावीस अभंग पूर्ण. मी बेरीज केली. नऊ, सहा, चार, तीन, पाच, एक. अठ्ठावीस. आता पाककृतीच्या मापात हरिपाठ बसवला की हरिपाठाच्या मापात पाककृती, हे तिला विचारायला हवं होतं.

मला हरिपाठ पाठ नव्हता. लहानपणी तिच्या मांडीवर ऐकलेले चार-पाच, तेही मधल्या ओळी गाळून. मावशीला सगळा येत होता. तिनं कधी माळ घातली नाही, वारी केली नाही, नुसता पंचवीस वर्षं डंकाच्या आवाजात ऐकून ऐकून बसलेला. मी मोबाईलवर लावू का म्हटलं तर नको म्हणाली. "ते पळत्यात. चटणी जाडी राहती." मग ती म्हणायची आणि मी मागून. मिरचीच्या खकाण्यात, नाकातोंडाला ओढणी बांधून, शिंका आवरत. तिसऱ्या दिवशी माझा वेग तिला पसंत पडला नाही. "रेडिओवानी नको. चालत चालत म्हन. वारीला निघाल्यावानी."

एक गोष्ट मला लहानपणापासून कोड्यात टाकायची. आक्का माळकरी. अंडंसुद्धा शिवायची नाही. आणि तिची चटणी पंचक्रोशीत कशासाठी नावाजलेली? मटणाच्या रश्श्यासाठी. तर त्याचंही उत्तर मावशी. नवीन मिरची आली की आक्का आधी आमटीत घालून बघायची, वास घ्यायची, रंग बघायची. मग पावशेर चटणी मावशीच्या घरी जायची. रविवारी मावशीकडं मटण शिजायचं. सोमवारी आक्का शटर उघडता उघडता विचारायची, "काय म्हणतंय?" मावशी सांगायची, तर्री आली पण घशाला लागतंय, लवंगी कमी कर. मग बेडगी वाढवायची, लवंगी कमी करायची, संकेश्वरी तेवढीच ठेवायची. ज्या रश्श्याचा थेंब तिनं कधी जिभेवर घेतला नाही, तो तिनं असा सोमवार सोमवार करून सुधारत नेला. यात तिला काही विसंगत वाटायचं नाही. एकदा कीर्तनाला आलेल्या एका महाराजांनी टोमणा मारला होता म्हणे, की माळ घालून मटणाचा मसाला विकता? आक्का म्हणाली, "महाराज, तुमी बी कीर्तनाला येनाऱ्याची माळ बघून आत घेत न्हाई."

कांदेनवमीला मात्र तिच्याकडं दंगा असायचा. आषाढ शुद्ध नवमीला कांदा-लसणाची भजी, कांद्याचं थालीपीठ, पोटभर. दुसऱ्या दिवसापासून चार महिने कांदा-लसूण बंद. आणि ते चार महिने रोज हाताला कांदा-लसणाच्या चटणीचा वास.

एप्रिल असा गेला. सकाळी सहाला मिरच्या अंगणात पसरायच्या, सातला गिरणी, नऊपासून डंक. बायका आपापली मिरची निवडून, देठं खुडून आणायच्या आणि कुटून होईपर्यंत समोर बसायच्या. आपल्या मिरचीत दुसऱ्याची मिसळत नाही ना, हे बघायला. सगळ्यात शेवटी खडेमीठ घालायचं, म्हणजे उखळाला चिकटलेली चटणी त्या मिठाबरोबर सुटून येते आणि ज्याची त्याच्या डब्यात जाते. काही ठिकाणी ती चिकटलेली चटणी डंकवाल्याची, असा न बोललेला रिवाज असतो. आक्काकडं नव्हता. तरीही कडेला चिमूटभर राहतेच. ती रात्री कुंच्यानं झाडून आक्का एका बरणीत जमा करायची. वरच्या आळीची, खालच्या आळीची, पाटलांची, वस्तीवरची, सगळ्यांची मिळून हंगामात दीड-दोन किलो भरायची. त्या बरणीला ती गोपाळकाला म्हणायची. दिंडीच्या पिठल्यात हीच चटणी पडायची.

भवानी मी नेमानं डब्यात टाकत होते. एकदा माझ्यातल्या हिशेबनिसानं विचार केला, डब्यात भवानी जमतेच आहे, तीच कर्जाच्या खात्याला वळती केली तर? मग लक्षात आलं की माउलीच्या पैशानं माउलीचं कर्ज फेडणं म्हणजे काय. बँका असलं करतात तेव्हा त्याला काय म्हणतात ते मला चांगलं माहीत आहे. आक्काच्या वहीत मागच्या वर्षांच्या फेडी बघितल्या, प्रत्येक हप्ता एकादशीला, आणि प्रत्येक वेळी नफ्यातून, मजुरी आणि विजेचं बिल वजा जाता. मीही तसंच ठरवलं. २४ एप्रिलच्या एकादशीला पहिले २,००० टाकले. डब्यात नोटा पडताना कुणीतरी पावती देईल असं मला उगाच वाटलं.

ते पाचशे कशाचे, हे मी मावशीला एकदा विचारलं. तिनं वर बघितलं आणि म्हणाली, "पट्टा ढिला झालाय बघ." पट्टा ढिला नव्हता.

कागदपत्रांची कथा थोडक्यात आटोपते, कारण ती आठवून अजून डोकं दुखतं. खाद्यपदार्थांची नोंदणी आक्काच्या सासरच्या नावावर. आधार कार्ड माहेरच्या आडनावावर. जागा वडिलांच्या नावावर. आणि विजेचं मीटर माझ्या आजोबांच्या नावावर, जे १९९४ साली वारले. एकतीस वर्षं आजोबा न चुकता वीजबिल भरत होते. खाद्य परवान्याच्या नियमात एक बरी सोय आहे, परवानाधारक गेला तर घरच्यांना ९० दिवस त्याच नोंदणीवर काम चालू ठेवता येतं, तेवढ्यात आपल्या नावावर करून घ्यायची. आमचे ९० दिवस २५ जूनला संपत होते. मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीतून लगेच मिळाला. बाकी एका खिडकीवर मला तीन वेळा वेगवेगळे कागद आणायला सांगितले गेले आणि तिसऱ्या वेळी आणलेले कागद पहिल्या वेळचेच होते. आक्का अशा वेळी तिथंच बाकावर बसून जप सुरू करायची म्हणे, मोठ्यानं. काम लवकर व्हायचं. माझं तेवढं धाडस झालं नाही. मी ऑनलाइन अर्ज भरला आणि वडिलांची व काकांची संमतिपत्रं जोडली. २० जूनला नोंदणी माझ्या नावावर झाली. मीटर अजून आजोबांच्याच नावावर आहे.

मे उजाडला तो उकाड्याचा, मिरचीला लागतो तसा. आणि मग २०२५ चा तो मे कसा संपला ते आमच्या भागात कुणाला सांगायला नको. २५-२६ मेला फलटण-बारामतीकडं असा पाऊस कोसळला की ओढे रस्त्यावर आले. मोसमी पाऊस एरवी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वाट बघायला लावतो, तो मेमध्येच हजर. अंगणातली मिरची आम्ही ताडपत्र्या, चादरी, मिळेल त्यात गुंडाळून ओसरीवर ओढली. रात्रभर ओसरीवर मी, आई आणि पन्नास किलो मिरची. शिंकत.

त्याच आठवड्यात मावशी लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. २९ तारखेला खालच्या आळीतल्या एक काकू आल्या. लेकीचं सासर लांब, ती दोन दिवसांत निघणार, चटणी बरोबर द्यायची आहे. मिरची हाताला किंचित मऊ लागत होती. कांदा तळलेला, पण आत ओलसर. मला आता हरिपाठ येत होता, हात बसला होता, दीड महिन्यात चाळीसच्या वर घरांची चटणी झाली होती. मी घेतली. मिरचीला नऊऐवजी बारा अभंग दिले. वाटलं, जास्त कुटलं की झालं.

१० जूनला काकू बरणी घेऊन दारात. झाकण उघडलं तर वर पांढरी लव. त्या भांडल्या नाहीत, तेच वाईट. नुसतं म्हणाल्या, "आक्का असती तर घेतलीच नसती गं ही मिरची."

त्या रात्री वही चाळताना सापडलं. २००९ सालच्या पानावर, कडेला, अधोरेखित: "सादळली मिरची घेऊ नये. गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल." तेव्हाही कुणाची तरी बुरशी आली असणार.

मिरची, खोबरं, मसाला सगळं नव्यानं आणून काकूंची चटणी परत करून द्यायची तर २,६०० रुपये लागत होते. माझ्या पगारातून सहज निघाले असते. मोबाईल हातात होता, दोन बोटांचं काम. पण चूक डंकाची होती, माझ्या पगाराची नव्हती. मी डबा उघडला, २,६०० मोजून घेतले, कॅलेंडरचं मे महिन्याचं पान फाडलं आणि पाठीमागं लिहिलं, "१० जून. माउलीकडून उसने २,६००. सादळली मिरची. व्याज शेकडा १." लिहून झाल्यावर पान तसंच हातात धरून बसले. आतापर्यंत मी दुसऱ्याचं कर्ज फेडत होते. ते फार हलकं असतं.

मावशी परत आली तेव्हा चिठ्ठी तिला वाचून दाखवली. ती काही बोलली नाही, फक्त त्या दिवशी हरिपाठ मला एकटीला म्हणायला लावला आणि नवव्या अभंगाला हात वर केला.

जूनमध्ये डंक मंदावतो, गिरणी चालू राहते. उरलेली घरं, काही पुण्याच्या ओळखीच्या ऑर्डरी, असं करत २१ जूनच्या एकादशीपर्यंत आक्काचं मुद्दल ११,०००, तिनं लावलेलं व्याज ३३५ आणि पुढच्या तीन महिन्यांचं ३३०, मिळून ११,६६५ डब्यात पडले. तिच्या दोन चिठ्ठ्या मी तुळशीत पुरल्या. तिसरी, "सांगायचं नाही" वाली, ठेवून घेतली. माझ्या २,६०० पैकी १,७०० फेडून झाले होते. हंगामाची भवानी भरली ९,८००. आधीचे २,३४० धरून डब्यात २२,९०५ रुपये. आईनं दोनदा मोजले, मी एकदा.

२७ जूनला माउली तरडगावला मुक्कामाला. दिंडीची न्याहारी आमच्याकडं २८ ला पहाटे. दोनशे माणसं धरायची, माणशी तीन भाकरी. आक्काची पद्धत अशी की गिरणीतून चाळीस घरांत दोन-दोन किलो ज्वारीचं पीठ जायचं आणि पहाटे चारला प्रत्येक घरातून पंधरा भाकऱ्यांची चळत फडक्यात बांधून परत यायची. उरलेलं पीठ ज्याचं त्याला. मला धाकधूक होती, आक्का नाही तर लोक करतील का. चारला पहिली चळत आली ती त्या १० जूनच्या काकूंची. पंधराच्या जागी वीस.

पिठलं मावशीनं घाटलं. गोपाळकाल्याची बरणी तिनं माझ्या हातात दिली. "तू घाल." दोन मोठ्या पातेल्यांत मी चटणी घातली आणि अख्ख्या गावाची मिळून एक शिंक आली.

दिंडी पावणेसहाला आली. गंध, टाळ, ओल्या धोतरांचा वास, पाय चिखलानं गुडघ्यापर्यंत. पंगत रस्त्याच्या कडेलाच बसली. पूर्वी दारात मोठा कडुनिंब होता, रस्ता रुंद करताना गेला, आता नवा पालखीमार्ग दाराच्या फार जवळून जातो. दिंडीचे वीणेकरी जेवले, पाणी प्यायले आणि आत डोकावून म्हणाले, "आत्याबाई कुठं हायेत?" वडिलांनी सांगितलं. ते थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "तरी म्हटलं, पिठल्यात मीठ बरोबर पडलंय. त्या दरवर्षी जरा जास्तच टाकायच्या." आणि रडायला आलेले वडील हसले.

मला एक गोष्ट ठाऊक नव्हती. पंगत उठली तशा सात-आठ बायका डंकाच्या पायरीशी जमल्या. त्यांना चटणी हवी होती, विकत. दरवर्षी घेतात म्हणे, परभणी, हिंगोलीकडच्या. एक आजी पुढं झाल्या, डोक्यावर तुळशीवृंदावन, पदराच्या गाठीत पैसे. "आर्धा किलो दे बाय. कितीला?" माझ्या तोंडून "राहू द्या, आजी, घेऊन जा" निघणारच होतं. मावशीनं कोपर मारलं. जोरात.

"आक्का न्याहारीचे पैसे घेत नव्हती," ती कानात म्हणाली. "चटणीचे सोडत बी नव्हती. म्हनायची, जेवान माउलीचं, चटणी माझी."

मी भाव सांगितला. आजींनी घासाघीस केली, मी दहा रुपये कमी केले, त्यांना ते कमीच वाटले. शेवटी गाठ सोडून त्यांनी चुरगळलेल्या नोटा माझ्या हातावर ठेवल्या आणि वृंदावन सावरत दिंडीमागं निघाल्या. सकाळचे साडेसहा वाजले होते. त्या दिवसाची ती पहिली भवानी. रिकामा डबा फळीवर पडला होता, त्यात टाकली. आत नुसती माझी चिठ्ठी होती. ९०० बाकी, आणि व्याज.